सतरंजीतली एकनळी

आमच्या घरात बंदूक होती ती शिकारीच्या हौसेने घेतलेली नव्हे. डोंगरातून रानडुकरं उतरायची आणि वालाचं शेत उकरून टाकायची, म्हणून पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ती एकनळी. वर्षातून तीन-चारदा वाजायची. डुकरं तिच्यापेक्षा माझी बायको बडवायची त्या पत्र्याच्या डब्याला जास्त घाबरायची. पण परवाना माझ्या नावाचा, त्यामुळे गावात माझी मिशी जरा वरच असायची.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागत. सत्तरच्या दशकातल्या एका वर्षी जमा करायचा शेवटचा दिवस आणि माझ्या भाचीचं लग्न एकाच दिवशी आलं. बहिणीचं गाव कर्जत-खोपोली रस्त्यापासून बरंच आत. तिथवर वऱ्हाडाची बस जाईना, म्हणून मांडव रस्त्यालगतच्या शाळेच्या पटांगणात घातलेला. नवरीला घरून मांडवात आणायचं काम मामाचं, म्हणजे माझं. मी एकाची जीप मागून आणली. लग्न उरकायचं आणि तसंच पुढे खालापूरला जाऊन बंदूक जमा करायची, असं ठरवलं.

"बंदूक जीपमदी ठेवनार? रिकामी तरी केली काय?" बायकोने विचारलं.

मी भडकलो. काडतुसांचा पट्टा घरी खुंटीला टांगलेला तिला दाखवला आणि म्हटलं, याहून जबाबदार माणूस तालुक्यात शोधून दाखव. जीपला ताडपत्रीचं छप्पर, ना दार ना कुलूप. पण सतरंजीत गुंडाळलेली बंदूक कोणाच्या बापाला कळणार?

नवरी मागच्या बाकावर बसली. शालू सावरत तिने दोन्ही पाय त्या गुंडाळीवर ठेवले आणि म्हणाली, "मामा, काय टणक सतरंजी हाय रं तुजी!" खड्डे खात, हसत आम्ही मांडवात पोचलो.

लग्न लागलं. मी मामा म्हणून भाचीच्या पाठीशी उभा राहिलो आणि बंदूक डोक्यातून साफ गेली. घोळ झाला तो पंगतीला. सतरंज्या कमी पडल्या आणि नेमकं नवऱ्याच्या बापाच्या वाट्याला गोणपाट आलं. व्याही ताडकन उठले.

"आमाला गोणपाटावर बसवता? चला रं, बस काढा!"

सगळं वऱ्हाड वाढलेल्या पानांवरून उठलं. बहीण रडकुंडीला आली. भाची मुंडावळ्यांतून माझ्याकडे बघत होती, आणि मला काही म्हणजे काही सुचेना.

आमच्याकडे लग्नात कुणाचीही सतरंजी सगळ्यांची असते. विचारायची पद्धत नाही. भावकीतल्या दोघांना जीपमधली सतरंजी दिसली. ते ती घेऊन पळत आले, व्याह्यांसमोर उभे राहिले आणि दोन टोकं धरून त्यांनी ती जोरात झटकली.

बंदूक व्याह्यांच्या पायाशी पडली, नळी त्यांच्याकडे करून.

व्याह्यांनी बंदुकीकडे पाहिलं, मग माझ्या मिशीकडे पाहिलं आणि हळूच गोणपाटावर मांडी घातली.

"मी कुटं उटलो? जरा पाय मोकळं करत व्हतो. गोणपाट लय मऊ हाय."

पाठोपाठ अख्खं वऱ्हाड बसलं. नवऱ्याच्या मामाने तर कुणी आग्रह न करता आणखी भात घेतला.

मी धावत जाऊन बंदूक उचलली. "घाबरू नका, रिकामी हाय," म्हटलं, आणि सगळ्यांची खात्री पटावी म्हणून नळी वर करून चाप ओढणार, तोच बहिणीने आमटीची तापलेली पळी माझ्या मनगटावर हाणली.

"दादा, येडा झाला काय? मांडवाचा पाला पडंल ना पानांत!"

मनगट चांगलंच भाजलं. चारचौघांत मी तिच्यावर ओरडलो आणि न जेवताच जीपमध्ये जाऊन बसलो.

दुपारी ठाण्यात हवालदाराने बंदूक मधून मोडून उघडली, नळीत पाहिलं आणि एक काडतूस काढून टेबलावर ठेवलं. आदल्या रात्री शेतावर मीच भरलेलं. डुकरं आली नाहीत, ते तसंच राहून गेलं होतं.

"पाव्हणं, ह्ये कुनासाठी राखून ठेवलं व्हतं?"

मला खड्ड्याखड्ड्याला त्या गुंडाळीवर उडणारे भाचीचे हळदीचे पाय तेवढे दिसत होते. मी टेबलाची कड धरली. शेवटी हवालदारानेच स्टूल पुढे सरकवलं.

त्यानंतर नळीतून पलीकडचा उजेड बायकोला दाखवल्याशिवाय मी बंदूक कुठल्याही गाडीत ठेवली नाही, आणि ती गाडीत ठेवून कधी खाली उतरलो नाही. भाची अजून सासऱ्यांच्या गोणपाटाची गोष्ट सांगून घरादाराला हसवते. मीही हसतो. बहीण मात्र माझ्या मनगटावरचा डाग पाहिला की हळहळते, "दादा, उगाच भाजलं रं मी तुला."

काडतुसाचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.