गुरुवारचा बाक आणि फिटच्या गोळ्या

दवाखान्यात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. औषधांना कपाट लागतं. किस्से आपले कुठंही मावतात! परवा लेकीनं विचारलं, "आई, तू एवढी वर्षं सिस्टर होतीस, तुला सगळ्यात जास्त काय आठवतं?" मी म्हटलं, "बाक."

जिंतूरला बसस्टँडच्या मागं आमचा छोटासा दवाखाना होता. दर गुरुवारी परभणीहून फिटचे डॉक्टर यायचे. बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली एक लांब लाकडी बाक. त्यावर बसून बसून पेशंट एकमेकांचे सोयरे झाले होते. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसली, सगळं बाकावर कळायचं. डॉक्टर तपासायचे आणि मी गोळ्या समजावून द्यायचे. आता त्या खोलीत मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. तिथून जाताना पाय अजून थबकतो.

*

येलदरीकडच्या माळावरचे भुजंगमामा मेंढरं राखायचे. गोळ्या सुरू केल्यापासून वर्षभर त्यांना एकदाही फिट आली नाही. मामांनी स्वतःच निकाल लावला, बिमारी गेली! गोळ्या बंद.

पुढच्या पंधरवड्यात ते माळावरच पडले. दगड लागला, जीभ चावली गेली. गुरुवारी आले तेव्हा धड बोलताही येत नव्हतं.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "मामा, मेंढरांजवळ कुत्रं ठेवता ना?"

"ठिवतो की. लांडगा येतो न्हवं."

"वर्षभर लांडगा दिसला नाही, तर कुत्रं हाकलून देता?"

मामा विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे लांडगा मेला न्हाई व्हय?"

"नाही. गोळी आहे म्हणून जवळ येत नाही. कमी करायची वेळ आली तर मी सांगेन, आणि हळूहळू करू. एकदम कधीच सोडायची नाही."

मामांच्या कुत्र्याचं नाव होतं मोत्या. तेव्हापासून मामा खिडकीशी आले की सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचे, "सिस्टर, महिन्याचे मोत्ये द्या!"

*

कासाबाई चारठाण्याहून एसटीनं यायच्या. एका गुरुवारी त्यांचा पत्ताच नव्हता. आम्ही आवराआवर करायला लागलो, तेव्हा बाई धापा टाकत हजर! आणि आल्या त्या उलट्या बाजूनं, परभणीकडून.

"बाई, इकडून कशा?"

"काय सांगू सिस्टर! काल सांजची गोळी इसरले. म्हणलं भरपाई करावं, म्हणून सकाळी दोन घेतल्या. गाडीत बसले की असा डोळा लागला! तिकीट जिंतूरचं, आन उठले तर परभणी!"

डॉक्टरांना हसू आवरेना, पण कासाबाईंना त्यांनी समोर बसवलं. "गोळी हुकली तर आठवल्याबरोबर घ्यायची. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर हुकलेली सोडून द्यायची. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. आज झोपेवर निभावलं."

कासाबाईंनी मान हलवली आणि बाहेर येऊन बाकावरच्या मंडळींना सांगितलं, "ध्यानात ठिवा! एक एसटी हुकली म्हणून दुसरीत दोन सीटवर बसायचं न्हाई!"

हे वाक्य पुढं मी कितीतरी पेशंटना सांगितलं. डॉक्टरांच्या भाषेपेक्षा लवकर समजायचं.

*

एक गुरुजी होते, मोठी गोळी गिळायला घाबरायचे. खलबत्त्यात कुटून दुधातून घ्यायचे, आणि मग दुपारपर्यंत डोकं गरगरतंय अशी तक्रार!

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, ही गोळी पोटात दिवसभर हळूहळू सुटायला बनवलीय. कुटलीत की सगळी एकदम अंगात जाते. गिळता येत नसेल तर सांगा, मी दुसरी देतो."

"अरेरे," गुरुजी कपाळावर हात मारत म्हणाले, "म्हणजे मी वर्षाचा अभ्यासक्रम पहिल्याच तासाला संपवत होतो!"

*

एकदा एक नवा तरुण काकाबरोबर आला. काकानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "डॉक्टरकडं यायचं म्हणून आज गोळी दिली न्हाई बगा. खरी बिमारी दिसायला पायजे ना!"

मी काही बोलायच्या आत खरी बिमारी दिसली. पोरगा बाकावरून खाली कोसळला.

काकानं आधी पायातली चप्पल काढली, मग पिशवीतून कांदा. पण त्या दिवशी आमचा बाक हजर होता! भुजंगमामांनी पटका सोडून पोराच्या डोक्याखाली सरकवला. झटका किती वेळ चालतो ते मोजायला गुरुजींनी हातातलं घड्याळ बघायला सुरुवात केली. कुणी दगड बाजूला केले, कुणी गळ्याचं बटण सोडलं. "तोंडात काही घालू नका! दाबून धरू नका!" डॉक्टरांनी दर गुरुवारी शिकवलेलं, सगळे एका सुरात. डॉक्टर बाहेर धावत आले तोवर झटका थांबला होता आणि पोरगा कुशीवर होता.

काका अजून कांदा घेऊन उभेच. कासाबाईंनी तो कांदा अलगद काढून घेतला.

"आना इकडं, भाऊ. कांदा भाकरीसंगं खातेत!"

मग त्यांनीच भाकरी सोडली, कांदा फोडला आणि काकांना जवळ बसवून खाऊ घातलं. ते जेवता जेवता रडले.

*

रशीदभाई शिंपी. त्यांना डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली होती. देताना मी सांगितलं होतं, अंगावर पुरळ आलं तर गुरुवारची वाट बघायची नाही. एका सोमवारी त्यांची बायको त्यांना ओढतच घेऊन आली.

"सिस्टर, ये बोलते घामोळ्या हैं! सुबह से पावडर लगा रहे!"

मी बघितलं. छातीभर लाल पुरळ, अंगात ताप, ओठ आतून सोललेले. डॉक्टरांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "ती गोळी आता देऊ नका. लगेच परभणीला पाठवा, मी दारात उभा राहतो." आणि खरंच उभे होते!

रशीदभाई बरेच दिवस दवाखान्यात होते. वाचले. डॉक्टरांनी बजावलं, "या औषधाचं नाव विसरायचं नाही. कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तरी आधी सांगायचं, हे मला चालत नाही."

महिन्याभरानं ते आले आणि शर्टाचा खिसा उलटा करून दाखवला. आत लाल दोऱ्यानं औषधाचं नाव भरलेलं, पुढं 'नको'. सगळ्या शर्टांना तसंच!

डॉक्टरांनी चष्मा वर करून वाचलं. "रशीदभाई, माझ्या चिठ्ठीपेक्षा हे चांगलं वाचता येतंय हो!"

*

आणि रेखा. बी.ए.ला होती, गोळीची वेळ सकाळी नवाची. कधी चुकवली नाही.

तिला पाहायला पोखर्णीहून पाहुणे आले. आईनं आधीच दम दिला होता, "पाव्हणे गेल्यावर घे गोळी. कुणाला कळता कामा नये." रेखा पोह्यांच्या बशा देऊन समोर बसली. एवढ्यात मोबाईलचा गजर वाजला. वडील खाली बघायला लागले. रेखा उठली, फळीवरून गोळी घेतली आणि सगळ्यांसमोर पाण्याबरोबर गिळली.

मुलाच्या आत्यानं विचारलं, "डोकं दुखायलंय का गं?"

"न्हाई आत्या. मला फिट यायच्या. गोळी वेळेवर घेतली की येत न्हाईत. म्हणून वेळ चुकवत न्हाई."

पाहुण्यांनी पोहे संपवले, "कळवतो" म्हणाले आणि गेले.

त्या गुरुवारी आई रेखाला घेऊन आली. डोळे सुजलेले. घडलं ते सांगून म्हणाली, "डॉक्टर, लगीन होईपर्यंत तरी बंद करा हो गोळ्या!"

"ताई, बंद केल्या तर मांडवातच फिट येईल. जिवावर बेतेल. आणि पोरीनं जे केलं ना, ते मला कधी जमलं नसतं."

जाताना रेखा मला म्हणाली, "सिस्टर, खोटं बोलून सासरी गेले असते तर रोज लपून गोळी खावी लागली असती."

पुढच्या गुरुवारी बाकाच्या टोकाला इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण बसला होता. मी विचारलं, "नंबर लावला का?"

तो गडबडून उभा राहिला. "पेशंट न्हाई मी. पोखर्णीहून आलोय. रेखाला बघायला आलतो, त्यातला... मीच मुलगा."

मामा, कासाबाई, सगळे कान देऊन.

"मग? काय काम काढलं?"

त्यानं शर्टाची बाही नीट केली. "एक विचारायचं होतं. त्या दिवशी तिनं पोह्याला हातच लावला नव्हता. गोळी तशीच घेतली. उपाशीपोटी चालती का हो ती?"