पहिले पन्नास हजार

"हात जोड. आन् माइकजवळ ये, मागच्यांना ऐकू जात नाय."

मालक असं म्हणाले तेव्हा मी कुबडीवर उभी होते. हात जोडायचे तर कुबडी सोडावी लागते, एवढंही त्यांच्या ध्यानात आलं नाही. समोर वाळूजच्या आमच्या कारखान्यातल्या सगळ्या बायका ओळीनं उभ्या. प्रार्थना नुकतीच संपलेली. आमच्याकडे रीतच होती. मालकांनी कुणाला मदत केली की तिनं प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर आभार मानायचे. लेकीच्या लग्नाला उचल घेतलेलीनं मानले, बाप गेलेलीनं रडत रडत मानले. मीही टाळ्या वाजवल्यात.

कामावर येताना पडेगावजवळ जीपनं माझी स्कूटी उडवली. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात स्ट्रेचरवर कण्हत होते, पण घोर नव्हता. मालकांनी सगळ्यांचा विमा काढलेला. नवऱ्यानं खिडकीवर कार्ड दिलं. आतली बाई म्हणाली, "पहिले पन्नास हजार तुमचे. त्याच्यावरचा खर्च विम्यातून. भरा, मग ऑपरेशन."

"पण विमा हाय ना, ताई?"

"आहे. पण हप्ता कमी पडावा म्हणून तुमच्या मालकानं असला विमा घेतलाय. पहिला खर्च पेशंटच्याच अंगावर. तुमच्या ऑफिसवाल्यांची कार्डंही इथं येतात, त्यांच्या विम्यात ही अट नाही."

मी ते पडल्या पडल्या ऐकलं. खुर्चीत बसणाऱ्याचं हाड पूर्ण भरून मिळतं, मशीनवर उभं राहणारीचं नाही. तेव्हा मला रडू फुटलं. पायासाठी नव्हतं ते.

शेवटी मालकांनीच पैसे भरले. पगारातून कापायच्या बोलीवर. पाय हवा होता, मी हो म्हटलं.

आणि आता म्हणे हात जोड!

मी माइक धरला. म्हणाले, "बायांनो, आपल्या कार्डाचं नीट विचारून घ्या. अपघात झाला तर पहिले पन्नास हजार आपलेच जातेत. ऑफिसवाल्यांचे जात नायत. माझे तर पगारातून कापणार हायेत. मग आभार कशाचे मानू?"

"लई शहाणी झाली! काढा हिला भाईर," मालक ओरडले.

एकीनंही तोंड उघडलं नाही. त्याचा राग अजून आहे.

नोकरी गेली. मालकाचा माणूस पैशांसाठी दारात येतो, त्याला मी उंबऱ्याबाहेरच उभा करते. आणि रोज शिफ्ट सुटताना गेटवर जाऊन बायकांना कार्डाचं सांगते. वॉचमन हाकलतो. बायका मान खाली घालून पुढं जातात. जाऊ देत. ऑफिसातल्यांना जो विमा, तोच मशीनवरच्यांना मिळेपर्यंत मी तिथून हलणार नाही.