लाइनवर आहेत, बोला

आमच्या घरात दोन प्रकारचे नंबर चालायचे. बाबा चष्म्याचे नंबर काढायचे आणि आत्या फोनचे नंबर लावून द्यायची. लहानपणी माझी समजूत होती की ही दोघं भावंडं एकाच ऑफिसात कामाला जातात आणि घरी येऊन मात्र वेगवेगळं सांगतात. बाबांचं दुकान कोपऱ्यावर होतं. आत भिंतीवर अक्षरांचा तक्ता, खाली खाली बारीक होत गेलेला. आत्याचं टेलिफोन एक्सचेंज बसने दोन स्टॉप पुढे, तिसऱ्या मजल्यावर. तिथे अठरा बायका ओळीने बसायच्या आणि त्यांच्यासमोर भोकाभोकांचा बोर्ड असायचा. एका भोकात एक कॉर्ड, दुसऱ्यात दुसरी, की दोन गावांतली दोन माणसं एकमेकांशी बोलायला लागायची.

त्या बोर्डासमोर आत्याने एकतीस वर्षं काढली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "सगळ्यांचे लावून देता देता माझाच एंगेज राहिला." बोर्ड गेला, बटणं आली, मग ती निवृत्तही झाली, पण तोंडातली वाक्यं तीच राहिली. घरात कुणाला फोन द्यायचा तरी "लाइनवर आहेत, बोला" आणि त्याला जोडून "मी ऐकत नाहीये". हे दुसरं वाक्य खात्याच्या नियमात नव्हतं, ते तिचं स्वतःचं होतं. ती खरोखरच हेडफोन कानांवरून खाली घ्यायची, असं तिच्या मैत्रिणी सांगत. मी कॉलेजात असताना मैत्रिणीशी तासभर कुजबुजत बसले की स्वयंपाकघरातून ट्रंक कॉलची मुदत मोजणारा तिचा आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली." एवढंच. काय बोलत होते ते तिने जन्मात विचारलं नाही.

इकडचं तिकडे करायचं नाही हा तिचा नेम. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाचं गुपित तिच्यापाशी होतं आणि तिथेच राहत होतं. मला याचा पुष्कळदा राग यायचा. मी छापखान्यासाठी मुद्रितं तपासते; चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय माझा हात राहत नाही. आत्याला मात्र दोन्ही बाजूंच्या चुका दिसायच्या आणि ती ढिम्म बसायची.

डिसेंबर म्हणजे आमच्याकडे नुसता धुमाकूळ असायचा. तीन तारखेला बाबांचा वाढदिवस, नऊला माझा, सतराला दादाच्या जुळ्यांचा, आणि श्वास घ्यावा तोवर नाताळ. फ्रिजवर आत्याची यादी लागायची: कोण कधी येणार, कोणती गादी कुणाला, घोरणाऱ्याला कुठे टाकायचं. नाताळच्या दुपारी बाबा दुकानातला तक्ता घरी आणून स्वयंपाकघराच्या दारावर टांगायचे आणि आल्यागेल्या प्रत्येकाचे डोळे तपासायचे. कुणाचीही सुटका नसे. जावई असो की शेजारी, नाकावर ती जड लोखंडी फ्रेम चढायचीच. बाबा एकेक भिंग घालत विचारायचे, "आता? आणि आता?" मी मुद्दाम चुकीचं भिंग काढू द्यायचे नाही. त्यातून खिडकीतली दिव्याची चांदणी फुलून थाळीएवढी व्हायची, माणसांच्या कडा विरघळायच्या, आणि सगळं घर पाण्याखाली सावकाश हलत असल्यासारखं वाटायचं. मला ते सगळे डिसेंबर आजही तसेच आठवतात.

मग आई गेली. दादा दुसऱ्या शहरात राहतो. त्याची गाडी अकरा तास उशिरा आली आणि तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारात बाबा उभे होते. ते म्हणाले, "आता कशाला आलास." आणि वळून आत गेले. दादाने बॅग खाली ठेवली, तीच उचलली आणि संध्याकाळच्या गाडीने परतला. त्या वाक्याला मी शंभरदा वेगवेगळी चिन्हं लावून पाहिली आहेत. पूर्णविराम दिला की बाबा निर्दय वाटतात. तीन टिंबं दिली की नुसते थकलेले, सगळं संपून गेलेले. पण बोललेल्या वाक्याला चिन्हं नसतात. तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. डिसेंबरात वहिनी जुळ्यांना घेऊन यायची, दादा यायचा नाही.

तो दर रविवारी आत्याला फोन करायचा. बाबा ती वेळ साधून तिच्याजवळ पेपर उलगडून बसायचे आणि एकच पान वाचत राहायचे. दोघंही तिला एकच सांगायचे, हे मला फार उशिरा कळलं. दादा म्हणायचा, बाबांनी एक फोन करावा, पुढचं मी बघतो. बाबा म्हणायचे, त्याने एक फोन केला असता तर. दादा अजून बाबांनीच दिलेला चष्मा लावत होता, ओरखडे पडून पांढरा झालेला, कारण दुसऱ्या दुकानाची पायरी चढवत नव्हती. आणि बाबांनी वाढत्या वयाचा अंदाज घेऊन त्याच्यासाठी नवा चष्मा घडवून दुकानाच्या खणात ठेवला होता. आत्याला दोन्ही माहीत होतं. ती दोघांनाही "हं" म्हणायची.

साथीच्या वर्षी वाढदिवस पडद्यावर झाले. चौकोनातून दादा सोडून सगळे एकदम बोलायचे आणि आत्या ओरडायची, "एका वेळी एकच बोला, बोर्ड जळेल." माझ्या वाढदिवशी बाबा खोकले. चार दिवसांनी त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. माझीही तपासणी पॉझिटिव्ह निघाली, पण माझं सौम्य होतं, म्हणून मला वरच्या खोलीत कोंडलं. आत्याला काही झालं नाही. "त्या विषाणूलाही माझी लाइन मिळाली नाही," म्हणाली. ती माझं ताट जिन्याच्या आठव्या पायरीवर ठेवून कठड्यावर डाव वाजवायची आणि मास्क सावरत खाली जायची. जिन्याच्या टोकाशी बसलं की मला खालचं अर्धं जग दिसायचं: जेवणाचं टेबल, टेबलक्लॉथचा खण आणि आत्याच्या सपाता. ताप उतरत होता, पण डोकं हलकं होतं. दिवस उजाडायचा, मावळायचा, रस्त्यावरून कुणी जायचं नाही. मला वाटायचं, बाबांनी कुठलं तरी भिंग घालून ठेवलंय आणि काढायला विसरलेत.

हॉस्पिटलातून रोज एकच फोन यायचा, एकाच नंबरवर, चार ते सव्वाचार. नर्स बाबांच्या कानाशी फोन धरायची. आत्या तीनपासून तयारीला लागायची. केस विंचरायची, चांगला स्वेटर घालायची.

"अगं, फोनवर दिसतं का काही?" मी वरून म्हणायचे.

"आवाजात दिसतं."

मग चारला, "बारक्या, कसा आहेस?" बारक्या म्हणजे बाबा, सहा फूट उंच आणि अडुसष्ट वर्षांचे. तिचे हात थरथरायचे म्हणून ती फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावायची. दोघं वाटेल ते बोलायची. लहानपणी कोण झाडावरून पडलं, बाबा की ती, याचा वाद चार दिवस पुरला. त्या पंधरा मिनिटांवर ती चोवीस तास काढायची, हे मला जिन्यावरून स्पष्ट दिसत होतं.

चोवीस तारखेला डॉक्टर बोलले. उद्या संध्याकाळी मोठं यंत्र लावावं लागेल. नळी घातल्यावर त्यांना बोलता येणार नाही, किती दिवस ते सांगता येत नाही. "जे बोलायचं असेल ते उद्या बोलून घ्या," ते म्हणाले.

आत्याने फोन ठेवला आणि बराच वेळ टेबलावरून हात फिरवत बसली, तिथे काहीही सांडलेलं नसताना.

नाताळच्या सकाळी तिने मोठा टेबलक्लॉथ काढला, इस्त्री केला आणि चौदा माणसांच्या टेबलावर पसरून एकटीने चहा घेतला. माझा चहा आठव्या पायरीवर. खिडकीत चांदणी लावली होती. दिवसाउजेडी ती लागलीये की नाही ते कळत नव्हतं. दोघींनी जिन्याच्या दोन टोकांनी एकमेकींना शुभेच्छा दिल्या. दुपारी तिने केस विंचरले, स्वेटर घातला.

चारला पाच कमी असताना तिने दादाला फोन लावला. "थोरल्या, फोन कानाशी धरून ठेव. हलू नकोस." त्याला तसाच थांबवून ठेवला. मग त्याच मोबाइलवर हॉस्पिटलचा फोन आला. नर्स म्हणाली, "आजी, काका जागे आहेत."

"ताई?" बाबांचा आवाज खरवडल्यासारखा येत होता.

"बारक्या, थोरला लाइनवर आहे. बोल."

मग बाबा म्हणाले, "त्याने केला?"

"लाइनवर आहे म्हटलं ना."

तिने बोटाने बटण दाबून दादाची लाइन घेतली. "थोरल्या, बाबा लाइनवर आहेत. बोल."

"बाबांनी लावला?" दादाचा आवाज एकदम लहान झाला होता.

"वेळ घालवू नकोस. पंधरा मिनिटं आहेत."

जिन्यावर मी कठडा घट्ट धरला होता. ती एक शब्द खोटं बोलली नव्हती. एकतीस वर्षं जे बोलली तेच बोलली होती. कुणी कुणाला लावला ते ज्याचं त्याने ठरवलं. तिने दोन्ही लाइनी जोडल्या.

"ताई," बाबा म्हणाले, "तू आहेस ना?"

तिने फोनकडे पाहिलं. त्या क्षणी ती बोलेल असं मला वाटलं. तोंड उघडलंही होतं तिने.

"मी ऐकत नाहीये," ती म्हणाली. "बोला."

तिने स्पीकर बंद केला, फोन खणातल्या टेबलक्लॉथच्या घड्यांमध्ये ठेवला आणि खण लावून समोर खुर्ची घेऊन बसली. हात मांडीवर. खणातून अगदी बारीक गुणगुण येत होती, शब्द नसलेली. तेही ऐकण्यातच जमा झालं असावं, कारण ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. तीन मिनिटं झाली. दहा झाली. पंधरा झाली. ती काहीच म्हणाली नाही. नर्सने चार मिनिटं जास्त दिली.

"काय बोलले गं?" मी नंतर विचारलं.

"मला काय माहीत," आत्या म्हणाली, आणि माझ्यासाठी ताट वाढायला लागली.

बाबा पुन्हा बोलले नाहीत. चार दिवसांनी गेले. त्यांच्या सामानाच्या पिशवीत एक कागद आला. नळी घालायच्या आधी दम लागून शब्द फुटेनात, तेव्हा त्यांनी तो नर्ससाठी लिहिला होता, अक्षरं तक्त्यासारखी मोठ्याकडून बारीक होत गेलेली: मुलाचा फोन आला होता. दादा आला तेव्हा दारात घुटमळला. आत्या पुढे झाली. "आलास," ती म्हणाली. "बरं झालं. आत ये."

पुढच्या नाताळला सगळे पुन्हा जमलो. दादाने बाबांनी केलेला नवा चष्मा लावला होता. नंबर थोडा चुकलाय, पायऱ्या उतरताना त्याचा पाय चुकतो, पण बदलत नाही. जेवताना जुळ्यांना सांगत होता, "आजोबा माझ्यापेक्षा मोठे निघाले रे. शेवटी त्यांनीच फोन केला." आणि चष्मा काढून पुसत बसला. तो कागद माझ्या खणात आहे. दोन प्रती जुळत नाहीत, आणि असं काही दिसलं की दुरुस्त करणं हे माझं पोट भरायचं काम. मी तोंड मिटून भात वाढला. आत्याने विचारलं, "पाणी हवंय का कुणाला?"

दुपारी सगळे फिरायला गेल्यावर आम्ही दोघी भांडी पुसत होतो. मला राहवलं नाही.

"तो शेवटचा फोन तुझा होता, आत्या. तुला काही बोलायचं नव्हतं का त्यांच्याशी?"

तिने एकच बशी दोनदा पुसली. "बोर्डवर बसणारीला नंबर नसतो गं," ती म्हणाली. "तिला कोण कसा लावणार?"

मला भयंकर राग आला, आणि तो तिचा नव्हता. आयुष्यभर मी तिला फोन केले ते "बाबांना दे", "दादा पोचला का", "आई काय म्हणतेय" एवढ्यासाठी. सगळ्यांनीच. मी हात पुसले, वरच्या खोलीत गेले, दार लावलं आणि तिचा नंबर लावला. खाली टेबलावर फोन वाजू लागला. बराच वाजला.

"हॅलो," आत्या म्हणाली. "कोण हवंय?"

"तू."

"अगं, वर आहेस ना तू? काय वेडेपणा हा?"

"बाबांना जे सांगायचं राहिलं ते सांग."

खुर्ची ओढल्याचा आवाज मला फोनमधूनही आला आणि जिन्यातूनही. मग तिचा श्वास. खिडकीबाहेर ऊन हळूहळू उतरत होतं.

"तीन मिनिटांत नाही व्हायचं," ती म्हणाली.

"होऊ दे किती व्हायचं ते," मी म्हटलं. "मी ऐकतेय."