इंजिनावरचा डबा

वडील गेल्यावर विहिरीवर विजेची मोटार बसली आणि त्यांचं डिझेल इंजिन बाभळीखाली गंजत पडलं. भाऊ म्हणाला, "ढोकीच्या भंगारवाल्याला देऊन टाकू." माझं डोकंच फिरलं. ज्याच्या पाण्यावर आपण वाढलो, ते किलोच्या भावानं विकायचं? त्याच्याशी कडाकडा भांडलो आणि पाने घेऊन इंजिन खोलायला बसलो.

पिस्टन जाम झाला होता. वरून डिझेल ओतून भिजत ठेवला, लाकडाचा ठोकळा लावून ठोकून सोडवला. व्हॉल्व्ह घासले, नोझल बदललं. शेवटी धुराच्या नळीवर वडिलांचाच पत्र्याचा डबा उलटा अडकवला. आमच्याकडं सगळेच तसा अडकवायचे. त्यानं फटफट पार घरापर्यंत जायची आणि इंजिन चालू असल्याचं घरी कळायचं.

हँडल मारून मारून खांदा निखळायची वेळ आली, तेव्हा कुठं ते काळा धूर ओकत सुरू झालं. भावाच्या कानावर पडावं म्हणून मुद्दाम तासभर चालवलं. मग बंद करून घरी आलो.

आई चुलीपुढं बसली होती. चुलीवर कोरा चहा उकळत होता. आमच्यात कोरा चहा फक्त वडील प्यायचे. इंजिनाचा आवाज थांबला की आई आधण ठेवायची, ते घरी येईस्तोवर चहा तयार असायचा.

तिनं दारात मला पाहिलं, मग चहाकडं पाहिलं.

"चालू केलं व्हतंस, तर बंद कशाला केलंस?"