राऊळ सरांचा हिशोब चुकला नव्हता

राऊळ सर गेले त्या सकाळी मी त्यांचीच गोष्ट सांगत होतो. सिल्वासाजवळच्या नरोलीला आमच्या जुन्या कारखान्यासमोर चहाची टपरी आहे. निवृत्तीनंतरही मी तिथे हजेरी लावतो, कारण तिथे नवे श्रोते मिळतात. धुळ्याकडचे चार नवे कामगार हाती लागले होते आणि गणिताच्या मास्तरांनी ओंडका कसा चुकीचा मोजला, ते मी त्यांना ऐकवत होतो. फोन वाजला, मी कापला. परत वाजला, परत कापला... गोष्ट ऐन रंगात होती, करवत ओंडक्याला टेकणारच होती. चौघं पोट धरून हसले, मग मी फोन लावला. सरांच्या बायकोच्या, सुनंदावहिनींच्या भावाने उचलला. "सर पहाटे गेले," तो म्हणाला. "झोपेतच."

राऊळ सर कुडाळकडचे. अख्खी नोकरी सिल्वासाच्या शाळेत गणित शिकवण्यात गेली आणि संसार डोकमर्डीच्या दोन खोल्यांत झाला. मी नवापूरचा, कारखान्यात स्टोअरकीपर. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि पुढे तीस वर्षं मी बोलत राहिलो, ते ऐकत राहिले. माझ्या थापा ते अशा लक्ष देऊन ऐकत की मलाच त्या खऱ्या वाटू लागत. मी त्यांना सांगितलं होतं की मला लहानपणी पाळण्यात नव्हे, सागाच्या फळीवर झोपवत, आणि नुसत्या वासावरून मी झाडाचं वय सांगतो. खरं एवढंच, की माझे मामा नवापूरच्या एका लाकडाच्या वखारीत मुन्शी होते आणि सुट्टीत मी तिथे लपाछपी खेळायचो.

सहा वर्षांपूर्वी सरांच्या रांधा गावातल्या जागेतला आंबा वाळला. तो पाडला तेव्हा सरांनी वहिनींना शब्द दिला. वहिनींचे गुडघे गेलेले, खाली बसून जेवता येत नव्हतं, आणि घरातलं घडीचं टेबल आमटीची वाटी ठेवली तरी डुगडुगायचं. "या आंब्याचं टेबल करतो तुला," सर म्हणाले होते. "वर एकच फळी. जोड नाही." आता रांध्याची ती वाट शेताच्या बांधावरून. ओंडका बाहेर काढायला ट्रक आत जाणार कसा? म्हणून सरांनी ठरवलं की उचलून नेता येणारी छोटी बँडसॉ मिल घ्यायची. जमिनीवर दोन रूळ टाकायचे, मध्ये ओंडका ठेवायचा आणि पेट्रोलवर फिरणारा करवतीचा पट्टा रुळांवरून ढकलत न्यायचा. पुढे आसपासच्यांचीही लाकडं कापून देऊ, म्हातारपणाला छंद होईल, असाही बेत होता.

वापीच्या एका दुकानात दोन यंत्रं पसंतीला उतरली. लहान यंत्र दोघांना उचलता येत होतं, पण त्यातून बावीस इंच जाडीपर्यंतचाच ओंडका जायचा. मोठ्यात तीस इंचांचा जायचा, पण ते बांधावरून न्यायला सहा माणसं लागणार. कुठलं घ्यायचं, हे आता ओंडक्याच्या जाडीवर होतं. सरांनी मला बोलावलं. तज्ज्ञ म्हणून! मी मंडळातली पाचसहा माणसं सोबत नेली. एकट्याने तज्ज्ञ होण्यात काय मजा? ओंडक्याभोवती टेप गुंडाळली. घेर भरला चौऱ्याऐंशी इंच. मी हवेत हात उडवला. "भागिले चार. एकवीस! लहान यंत्र घ्या, सर."

"बापू, चाराने?" सर हळूच म्हणाले. "तिनाने नको काय रे? तिनाहून थोडं जास्तच..."

"सर, हे फळ्यावरचं वर्तुळ नाही, लाकूड आहे! वखारीत आयुष्य गेलं माझं."

सगळे हसले. सरही हसले. वखारीत घेराचा चौथा हिस्सा धरतात हे खरंच आहे, पण तो लाकडाचं घनमाप काढायला, विक्रीसाठी. करवतीला त्याचं काय? तिला ओंडका आरपार किती जाड, तेवढंच कळतं. मामांच्या तोंडून ऐकलेला अर्धा नियम मी तिथे फेकला. सर चाळीस वर्षं जे शिकवत आले, ते त्यांनी माझ्या शब्दाखातर खाली ठेवलं... आणि लहान यंत्र घेतलं.

यंत्र आलं त्या दिवशी मी आणखी माणसं गोळा करून नेली. वापीहून आलेल्या कारागिराने रूळ बसवले, इंजिन चालू केलं, पट्टा पुढे ढकलला. चौकट ओंडक्याला धडकली आणि थांबली. "आ लाकडुं नहीं जाय, साहेब," तो म्हणाला. त्याने आडवी पट्टी धरली. पावणेसत्तावीस इंच. सगळे माझ्याकडे वळणार, तेवढ्यात सर म्हणाले, "माझाच हिशोब चुकला. मास्तर असून चाराने भागलं मी."

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी सगळ्यात मोठ्याने हसलो.

एकदा पेट्रोल घातलेलं यंत्र दुकान परत घेईना. शेवटी चेनसॉने ओंडका मधोमध उभा चिरला आणि दोन अर्ध्यांतून अरुंद फळ्या निघाल्या. मी मात्र सरांच्या त्या 'माझाच हिशोब चुकला'वर सहा वर्षं जगलो. कोजागिरीला, गणपतीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे. दर वेळी ओंडका दोन इंचांनी वाढवायचो. "सरांनी ओंडक्याला अंगठे धरून उभं केलं तरी तो आत जाईना!" बाजारात जुने विद्यार्थी हाक मारू लागले, "सर, भागिले चार!" सर हात वर करून हसायचे. शोकसभेतही कोणीतरी म्हणालं, बापू, ती ओंडक्याची गोष्ट सांगा, वातावरण हलकं होईल. मी उठलो. खरं सांगायचं ठरवूनच उठलो होतो... आणि लोक हसायला लागल्यावर तीच जुनी गोष्ट सांगून खाली बसलो. पहिल्या रांगेत वहिनी होत्या. त्या हसल्या नाहीत.

चार दिवसांनी डोकमर्डीला गेलो आणि वहिनींना सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी."

"सर नेहमी हसायचे, वहिनी. मला वाटायचं..."

"तिथे हसायचे. तुमची गोष्ट झाली त्या दिवशी घरी येऊन पाय धुवायचे आणि न जेवता पडून राहायचे."

मी त्या आंब्याच्या टेबलापाशी बसलो होतो. त्या घरी मी शेकडो वेळा जेवलो असेन. मी आलो की सर टेबलावर पेपर अंथरायचे. "बापू सांडतो," म्हणायचे, आणि मीही ते चारचौघांत विनोद म्हणून सांगायचो. त्या दिवशी वहिनींनी पेपर अंथरला नाही. टेबलाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन फळ्यांचा जोड गेला होता. मी तो पहिल्यांदाच पाहिला.

"आम्ही दोघंच असलो की कधी अंथरला नाही," वहिनी म्हणाल्या आणि माझ्यासमोर चहा ठेवला.

राऊळ सरांनी तिनानेच भागायला सांगितलं होतं. चाराने मी भागलं. हे सगळं पेपरला लिहून पाठवतोय; छापून आलं की मी तो पेपर घेऊन डोकमर्डीला जाणार आहे. वहिनींना सांगून ठेवलंय, वाचून झाला की घडी करून ठेवा, टेबलावर अंथरू नका.