जाणाऱ्यांचे प्रश्न

"सोपं करून सांगा मास्तर, वेळ थोडा आहे."

उंबऱ्याबाहेर उभा राहून, टोपी काढून ती पोटाशी धरून आमचा कंपाउंडर असं म्हणायचा. मला आधी वाटलं, याला दवाखाना उघडायची घाई असेल. तो वेळ त्याचा नसायचा, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मी तेव्हा चौलच्या शाळेत नवा होतो. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, वीज मात्र यायची होती. डॉक्टर अलिबागहून सवडीनं यायचे, म्हणजे बहुधा यायचे नाहीत. दवाखाना म्हणजे हाच गृहस्थ. उंच, खांद्यात वाकलेला, बाटलीवर मात्रांची कागदी पट्टी चिकटवताना जिभेचं टोक बाहेर काढणारा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. उभी हयात एका गावात काढतात, पण गाव त्यांना पाहुणाच समजतं.

त्याचा पहिला प्रश्न होता, चंद्र एवढा लांब, मग तो समुद्राचं पाणी ओढतो कशानं? मी खूश झालो. चांगला तासभर लांबवायचा विचार होता, पण त्यानं मला चार वाक्यांवर आणलं आणि ती पुटपुटत निघून गेला. दोन दिवसांनी कोळीवाड्यातला एक म्हातारा गेला. पुढे विचारलं, आगबोट लोखंडाची, ती तरंगते कशी? त्या आठवड्यात पलीकडच्या वाडीतल्या आजी गेल्या.

"अहो, तो येऊन गेला की गावात कोणी तरी जातं," माझी बायको म्हणाली.

मी तिला वेड्यात काढलं. पुढच्या खेपेला तो दारात दिसला आणि मीच मनातल्या मनात गावातले आजारी मोजू लागलो.

शेवटी मी त्याला विचारलंच. तो संकोचला नाही. "जाणाऱ्यांचे प्रश्न असतात ते. औषधाचा उपयोग संपला की मी बाटली बाजूला ठेवतो आणि विचारतो, काही समजून घ्यायचं राहिलंय का? बहुतेक जण पोराबाळांचं बोलतात. एखादा असं काही विचारतो."

"पण मरणाऱ्या माणसाला भरतीचं कारण कळून करायचंय काय?"

"तुम्हाला तर ते केव्हापासून माहीत आहे मास्तर. तुम्ही काय केलंत त्याचं?"

"मी? मी शिकवतो."

"मग मीही दुसरं काय करतो?"

मी चहा टाकायला सांगितला.

गाव त्याला टरकून असे. तो साधी खोकल्याची बाटली घेऊन निघाला तरी बायका दार लोटून आतून ओरडत, "आमच्याकडं कुनी आजारी न्हाय हो!" तो हसायचा आणि बाटली पायरीवर ठेवून जायचा. त्या हसण्याचं मला वाईट वाटे.

एकदा तो भर मधल्या सुट्टीत शाळेत आला. "आपल्या किनाऱ्यावरून सरळ मावळतीला गेलं, तर पहिली जमीन कुणाची लागेल?"

मी नकाशावर पट्टी धरली. अरबस्तान. "आज कोण?" मी दबल्या आवाजात विचारलं.

"कोणी नाही. एका होडीचा तांडेल आहे. हातात गळ रुतला म्हणून पट्टी बांधायला आला होता. माणूस धडधाकट आहे."

"मग वेळ थोडा कसा?"

त्यानं टोपी उगाच झटकली. "विचारण्याच्या आवाजावरून कळतं," एवढं बोलून तो जवळजवळ धावतच बंदराकडे गेला.

तांडेलाला उत्तर वेळेवर मिळालं. ते ऐकून तो खदखदा हसला आणि "आपला शेजारी अरब हाय रं!" म्हणून अख्ख्या बंदराला सांगत सुटला. मग होडी समुद्रात गेली. ती परत आली तेव्हा खलाशी होते, तांडेल नव्हता. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी मला काही ना काही कारण सुचवलं. मला एकही पटलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी वर्गात प्रश्न विचारताना स्वतःचाच आवाज कान देऊन ऐकत असे.

पुढे कंपाउंडरच तापानं पडला. मी दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसलो होतो. धीर करून मी त्याचंच वाक्य त्याला म्हटलं, "काही समजून घ्यायचं राहिलंय का?"

तो खोकला येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "इतक्या जणांना उत्तरं पोचवली मास्तर. त्यांचा त्यांना काही उपयोग झाला का? सांगायला कोणी परत आलं नाही. तेवढं कळायला हवं होतं."

मी त्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. दुसऱ्या दिवशी तो गेला.

दहाव्याला घाटापलीकडून त्याचा एक पुतण्या आला. खाडीकाठी दगडावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर गच्च बसले होते, पण एकही ओरडत नव्हता. पुतण्यानं हात जोडले, "काका, तुमची ट्रंक मोडीत घालणार नाही." कावळे गप्प. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा मला राहवलं नाही. त्यानं शेवटी काय विचारलं होतं, ते मी सगळ्यांना सांगितलं.

मग कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्याची बायको पुढं आली आणि पिंडाकडे बघून बोलू लागली. "बाबा, तुमी आमच्या घरवाल्याला भरतीचा सांगितलाव. मरंपर्यंत नातवाला त्याच सांगत व्हता. दुखतंय म्हनून बोलला न्हाय."

एक कावळा खाली उतरला. पिंडापासून लांब बसला आणि मान वाकडी करून थांबला.

मग आणखी कोणी बोललं, आणखी कोणी. दारं लोटून घेणाऱ्याच बायका त्या. एकेकीचं बोलणं संपलं की कावळा थोडा पुढं सरकायचा. माझी नजर त्याच्यावरून काही केल्या हलेना.

सगळ्यांत मागं डोंगराकडच्या गावचा एक माणूस उभा होता. तो म्हणाला, "आमच्या आयेनं इचारलेला, दिवसा तारे जातात कुठं. तुमी आलाव तवा आये गेलेली व्हती. मग तुमी पायरीवर बसून मलाच सांगितलाव. मला त्याचा काय उपेग झाला न्हाय, बाबा. खोटा कशाला बोलू? पन दिवसा वर बगतो तवा ते तितंच हायेत, ह्ये मला म्हाईत हाय."

हा प्रश्न माझ्याकडे आला होता, हे मला आठवतही नव्हतं.

कावळ्यानं पिंडाला चोच लावली म्हणतात. पुतण्यानं पाहिलं असेल. आम्ही बाकीचे, भटजीसुद्धा, त्या भर दुपारी माना वर करून रिकाम्या आकाशाकडे बघत होतो, आणि मला रडू आवरत नव्हतं.