पट्टीतलं कार्ड

गुडगावात काचेच्या इमारती नव्याने उठत होत्या, तेव्हाची गोष्ट. एका इस्पितळाच्या दारावर ठळक फलक होता: उपचारांसाठी सरकारी कार्ड चालेल. आत माझ्याशेजारी बसलेल्या मराठी आजींनी आपलं कार्ड गुडघ्याच्या पट्टीत खोचलं होतं.

"हाडांचे डॉक्टर कार्ड बघूनच नाही म्हणतात. या मेल्याला आधी गुडघ्याला हात तर लावू दे!"

पुढचा नंबर माझा, म्हणून आजींबरोबर मलाही डॉक्टरांच्या खोलीतच बसवलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली. कार्ड खाली पडलं आणि चटका बसल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला.

"कार्डवाले केस मैं नहीं लेता. सरकार से पैसा आता ही नहीं."

"बीमार घुटना है, डॉक्टरसाहब. कार्ड नहीं."

एवढं सुनावून आजी पट्टी पुन्हा गुंडाळू लागल्या. माझ्याही खिशात तेच कार्ड होतं. त्यांना हात देऊन मी बाहेर पडलो.

दारावरचा फलक एक माणूस लख्ख पुसत होता. चालेल म्हणे!